फातोर्ड्याची ती संध्याकाळ

गोव्यात मडगावला गेलात, तर जवळच फातोर्ड्याचे नेहरू स्टेडियम जरूर पाहा.

२० डिसेंबर २०१५ रोजी येथे इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. एफसी गोवा हा घरचा संघ आणि समोर चेन्नईयिन. ८७व्या मिनिटाला गोव्याने २-१ अशी आघाडी घेतली. विजय हाताशी आला. पण ९०व्या मिनिटाला गोव्याच्या गोलरक्षकाकडूनच चेंडू जाळ्यात गेला. लगेच वाढीव वेळेत चेन्नईयिनने तिसरा गोल केला. सारे संपले!

स्टेडियमबाहेर चहा घेताना एका वृद्ध शौकिनाला मी विचारले, "त्या पोराचा राग येतो का हो?"

"राग कसला? हरलो ते सगळेच. पुढच्या वर्षी, २०१६ साली, संघ तळाला गेला. तरी मी येतच होतो. भात पुरात गेले म्हणून शेत कोणी टाकतो काय?"

२०१९ साली भुवनेश्वरला सुपर कपच्या अंतिम सामन्यात गोव्याने त्याच चेन्नईयिनला २-१ असे हरवले. ते सांगताना म्हातारबांचे डोळे हसले. मग स्टेडियमकडे पाहत ते हळूच म्हणाले, "पण ते इथे व्हायला हवे होते."