गाडी कुठली म्हणायची?

आमचा धाकटा भाऊ बारा वर्षांपासून अमेरिकेत, मिशिगन राज्यात नोकरी करतो. घरात दोन मुले आणि उन्हाळ्यात इकडून जाणारे पाहुणे, म्हणून सात-आठ माणसे बसतील अशी गाडी घ्यायचे त्याने ठरवले. आपल्याकडे अशा वेळी चर्चा होते ती किंमत, ॲव्हरेज आणि सर्व्हिस सेंटरची. तिकडे पहिला प्रश्न आला तो शेजारच्या वृद्ध गृहस्थांचा. "अमेरिकनच घेणार ना?"

या गृहस्थांची सगळी उमर मोटारीच्या कारखान्यात गेली. आज त्यांचे घर चालते ते तिथल्या पेन्शनवर. मिशिगनमधले डेट्रॉइट हे फोर्ड, जनरल मोटर्स आणि क्रायस्लरचे शहर. तिथे दारातली गाडी म्हणजे शेजाऱ्याच्या रोजीचा सवाल. परदेशी गाड्या आमच्या आवारात लावू नका, अशा पाट्या तिथल्या कामगार संघटनांनी लावलेल्या आहेत. त्यामुळे त्यांच्या प्रश्नाला हसून चालणार नव्हते.

भावापुढे दोन गाड्या होत्या, क्रायस्लरची पॅसिफिका आणि टोयोटाची सिएना. नावावरून निकाल सरळ वाटतो. क्रायस्लर अमेरिकन, टोयोटा जपानी. व्हिडिओ कॉलवर आम्ही घरातले सगळे या चर्चेत पडलो. आम्ही दोघेही शिक्षक, उर्दू आणि मराठी शिकवणारी माणसे. इंजिनातले आम्हाला फार कळत नाही, पण कागद वाचता येतो. म्हणून भावाला म्हटले, गाडीवर काय लिहिले आहे ते पाठव.

अमेरिकेत १९९२ साली यासाठी एक कायदाच झाला. त्यानुसार विक्रीच्या नव्या गाडीवर एक माहितीपत्र चिकटवावे लागते. गाडीची अंतिम जोडणी कुठे झाली, इंजिन आणि गिअरबॉक्स कोणत्या देशाचे, सुट्या भागांपैकी किती टक्के अमेरिका-कॅनडातले, हे सगळे त्यावर असते. गंमत अशी की या हिशेबात अमेरिका आणि कॅनडा एकाच खात्यात धरतात. म्हणजे कॅनडात बनलेला भागही त्या टक्क्यांत "घरचा" मोजला जातो. याशिवाय प्रत्येक गाडीला सतरा अक्षरी-अंकी क्रमांक असतो. तो १, ४ किंवा ५ ने सुरू झाला तर गाडी अमेरिकेत बनलेली, २ असेल तर कॅनडात, ३ असेल तर मेक्सिकोत.

भावाने फोटो पाठवले. "अमेरिकन" पॅसिफिकाचा क्रमांक २ ने सुरू होत होता. ती बनते कॅनडातल्या विंडसर शहरात, डेट्रॉइटसमोर नदीच्या पलीकडे. शिवाय क्रायस्लरची मालकी आज ज्या स्टेलांटिसकडे आहे, तिचे मुख्यालय नेदरलँड्समध्ये. "जपानी" सिएनाचा क्रमांक मात्र ५ ने सुरू होत होता. ती बनते इंडियाना राज्यातल्या प्रिन्स्टन गावी, आणि इंडियाना म्हणजे मिशिगनला लागूनच असलेले राज्य.

अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. होंडाने १९८२ पासून ओहायोतल्या मेरीसव्हिलमध्ये गाड्या बनवायला सुरुवात केली. टोयोटाची कॅमरी १९८८ पासून केंटकीत बनते. फोर्डची फ्यूजन मात्र मेक्सिकोत बनत असे. आणि फोर्डची इकोस्पोर्ट काही वर्षे अमेरिकेत विकली गेली, ती चक्क आपल्या चेन्नईहून जहाजाने जात होती! गाडीवरचे नाव अमेरिकन, पण ती जोडणारे हात तमिळ.

मग शेजारच्या आजोबांचे म्हणणे खोटे म्हणायचे का? आम्हाला तसे वाटत नाही. त्यांची बाजू भावाने आम्हाला नीट सांगितली. कारखाना कुठेही असो, नफा शेवटी मुख्य कार्यालयाकडे जातो, असे ते म्हणतात. जपानी कंपन्यांच्या अमेरिकेतल्या बहुतेक कारखान्यांत कामगार संघटना नाही, हेही खरे. ज्या संघटनेने भांडून पेन्शन मिळवून दिली, तिला माणूस कसा विसरेल? पण टोयोटाचे मोठे संशोधन केंद्र मिशिगनमध्येच, ॲन आर्बरजवळ आहे. त्या पगारावर जगणारी कुटुंबेही मिशिगनचीच. एका गाडीत इतक्या माणसांची रोजी मिसळलेली असते की ती एका देशाच्या नावे लिहिणे कठीण.

इथवर हा बाजारहाटाचा विषय राहतो. पण डेट्रॉइटने याची दुसरी बाजूही पाहिली आहे. १९७९ नंतर पेट्रोल महागले, कमी पेट्रोल खाणाऱ्या जपानी गाड्यांची मागणी वाढली आणि अमेरिकेतल्या हजारो कामगारांचे काम गेले. राग साहजिक होता, पण तो चेहऱ्यांवर निघू लागला. जून १९८२ मध्ये डेट्रॉइटला लागून असलेल्या हायलंड पार्कमध्ये व्हिन्सेंट चिन या २७ वर्षांच्या तरुणाला दोघांनी बेसबॉलच्या बॅटने मारले. चार दिवसांनी तो वारला. त्याचे लग्न तोंडावर आले होते. तुमच्यामुळेच आमची कामे गेली, अशा अर्थाचे बोलणे मारण्यापूर्वी ऐकल्याचे साक्षीदारांनी सांगितले. व्हिन्सेंट जपानी नव्हताच. तो चिनी वंशाचा, अमेरिकेत वाढलेला, अमेरिकेचाच नागरिक. मारणाऱ्यांना न्यायाधीशाने तुरुंगात न पाठवता तीन वर्षांची देखरेख आणि तीन-तीन हजार डॉलर दंड सुनावला.

आमच्या भावाच्या मुलांचा जन्म मिशिगनचा. त्यांची दादी रत्नागिरीची, नानी मिरजेची. शाळेत त्यांना विचारतात, तुम्ही मूळचे कुठले? बहुतेक वेळा हा प्रश्न मायेनेच विचारला जातो. पण व्हिन्सेंटची हकीकत वाचल्यापासून तो ऐकताना आमच्या मनात थोडी धास्ती असते. गाडीच्या काचेवर टक्के लिहिता येतात, मुलांच्या कपाळावर कोणी लिहू नयेत.

भाषेचे शिक्षक म्हणून आम्हाला हे वर्गात रोज दिसते. तारीख, जिल्हा, वकील, अर्ज, कागद हे शब्द मराठीत फारसी-अरबीतून आले. पाव आणि बटाटा पोर्तुगिजांकडून आले. आज अर्ज लिहिताना किंवा बटाट्याची भाजी करताना कोणी त्यांची मूळ कागदपत्रे मागत नाही. ते इथे राबले आणि इथले झाले.

आपल्याकडेही मोबाईलवर याद्या फिरतात. ही वस्तू स्वदेशी, ती विदेशी. याच्याकडून घ्या, त्याच्याकडून घेऊ नका. आमच्या नात्यातला एक मुलगा पुण्याजवळ रांजणगावच्या ज्या कारखान्यात कामाला आहे, तिथे जीप गाड्या बनतात. अमेरिकन नावाच्या त्या गाडीवर आपल्या पोराचे घर चालते. मग ती गाडी परदेशी की घरची? यादी पुढे पाठवण्याआधी आम्ही आता तीन गोष्टी बघतो: वस्तू बनली कुठे, बनवणाऱ्याला मजुरी कोण देतो, आणि या यादीमुळे कोणाची रोजी जाणार आहे. पाठवणाऱ्याला यांची उत्तरे माहीत नसतील, तर यादी आमच्याकडेच थांबते. पैसा आपल्या मेहनतीचा आहे, तो कुठे खर्चायचा हे जरूर ठरवावे. पण माहिती घेऊन.

भावाकडे शेवटी भाभीचा हिशेब चालला. सिएना हायब्रिड, पेट्रोल कमी खाते, म्हणून तीच घेतली. आजोबांनी काचेवरचा कागद चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, "इंडियाना ठीक आहे, पण नफा जपानलाच जाणार." त्यांचे मत बदललेले नाही आणि भावाचेही नाही. थंडीत बर्फ पडला की दोघे मिळून दोन्ही दारांपुढचा बर्फ काढतात, आणि हा वाद तेव्हाही चालूच असतो.