वॉर्सा पाहिलं आणि मत बदललं

युरोपच्या सहलीला निघालेली ओळखीची माणसं सल्ला विचारायला यायची, तेव्हा पोलंडबद्दल माझं उत्तर ठरलेलं असायचं. क्राकोव्हला जास्त वेळ द्या, वॉर्सा वगळलंत तरी काही बिघडत नाही. क्राकोव्ह दुसऱ्या महायुद्धातून जवळपास धडधाकट बाहेर आलं. तिथला चौक, चर्च, टेकडीवरचा राजवाडा, सगळं शतकानुशतकं आपापल्या जागी उभं आहे. वॉर्साच्या ‘जुन्या शहरा’तला बाजारचौक मात्र २२ जुलै १९५३ रोजी लोकांसाठी खुला झाला. म्हणजे ती घरं माझ्या आईपेक्षा वयाने लहान. एवढे पैसे आणि रजा खर्चून माणसाने नव्याने बांधलेली जुनी घरं का पाहावीत, हा प्रश्न मी अगदी मनापासून विचारत असे.

हे मत रायगडावर तयार झालेलं. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यात गडावरचे वाडे जळाले आणि मागे राहिली ती जोती, पायऱ्या, हौद. शाळकरी वयात तिथे उभं राहून मला जे वाटलं, ते त्या उघड्या जोत्यांमुळेच वाटलं. पुढे कुणी गडावरच्या इमारती पुन्हा बांधायची गोष्ट काढली, की मी हिरिरीने विरोध करायचो. गेलं ते गेलं असं मान्य करावं, त्या जागी आपल्या मनातलं चित्र उभं करू नये, असं माझं म्हणणं. नंतर जॉन रस्किन वाचला. इमारतीचा जीर्णोद्धार म्हणजे असत्य, असं त्याने १८४९ सालीच ठणकावलं होतं. मग तर मी कुणाचं ऐकेनासाच झालो.

पहिली शंका आली ती व्हेनिसमुळे. सेंट मार्कच्या चौकातला तो विटांचा उंच मनोरा मी डोळे भरून पाहिला होता. तो १४ जुलै १९०२ रोजी अख्खा कोसळला आणि आज आपण पाहतो तो १९१२ साली पुन्हा उभा राहिलेला आहे, हे मला घरी परतल्यावर एका पुस्तकातून कळलं. होता तसा आणि होता तिथेच बांधायचा, असं व्हेनिसकरांनी ठरवलं होतं. हे कळल्यावरही तो मनोरा मला खोटा वाटेना. तेव्हा मी स्वतःची समजूत घातली, की एखादी इमारत पडली आणि दहा वर्षांत उभी केली तर ती दुरुस्ती म्हणायची. अख्खं शहर उभं करणं वेगळं. ही समजूत लंगडी होती आणि ते मला जाणवतही होतं. पण मी तो विषय तिथेच सोडून दिला.

भाची नोकरीनिमित्त वॉर्साला गेली आणि तिने बोलावलं म्हणून आम्ही गेलो, नाहीतर गेलोच नसतो. मला वाटलं, ती थेट बाजारचौकात नेईल. ती घेऊन गेली वॉर्साच्या शाही राजवाड्याच्या दक्षिणेच्या भिंतीलगत. तिथे दगडी खांबांचे दोन प्रचंड तुकडे आडवे पडलेले आहेत. “मामा, आधी हे बघ, मग चौकात जाऊ,” ती म्हणाली.

ते तुकडे झिग्मुंट स्तंभाचे. तिसऱ्या झिग्मुंट राजाने राजधानी क्राकोव्हहून वॉर्साला आणली. त्याच्या मुलाने १६४४ साली बापाचा पुतळा उंच स्तंभावर चढवला. एकोणिसाव्या शतकात मूळ खांब जीर्ण झाला म्हणून ग्रॅनाइटचा दुसरा बसवला गेला. सप्टेंबर १९४४ मध्ये स्तंभ पाडला गेला आणि १९४९ साली तिसऱ्या खांबावर तोच, डागडुजी केलेला पुतळा पुन्हा चढला. पहिले दोन्ही खांब शेजारीच, सगळ्यांना दिसतील असे ठेवलेत. जुन्या दगडाच्या भेगांवरून मी हात फिरवला, मग वर नव्या खांबाकडे पाहिलं. यातला खरा स्तंभ कोणता, या प्रश्नाचं उत्तर माझ्या जुन्या मापाने देता येईना. शिवाय इथे कुणी काही लपवलेलं नव्हतं. फसवणूक म्हणावी, तर फसवणारा पुरावा असा उघड्यावर मांडत नाही.

मग मी तिथला इतिहास नीट समजून घ्यायला लागलो. ब्झोझोवा रस्त्यावर पुनर्बांधणीची कहाणी सांगणारं एक छोटं संग्रहालय आहे, तिथे बराच वेळ काढला. वॉर्साचा नाश बॉम्बफेकीत झाला, एवढंच मी धरून चाललो होतो. १९३९ मध्ये तसं झालंही. पण खरा घाला नंतरचा. १ ऑगस्ट १९४४ ला शहर जर्मनांविरुद्ध उठलं, ६३ दिवस लढलं, २ ऑक्टोबरला शरण गेलं. दीड लाखाहून अधिक नागरिक मेले. उरलेल्यांना शहराबाहेर हाकललं आणि रिकाम्या शहरात नाझींची पथकं शिरली. लढाई संपली होती, शत्रू उरला नव्हता, तरी हिमलरच्या हुकमाप्रमाणे एकेक रस्ता, एकेक घर जाळणं आणि सुरुंग लावून उडवणं चालू राहिलं. ग्रंथालयं आणि दफ्तरखाने मुद्दाम जाळले. राजवाड्याच्या भिंतींत सुरुंगासाठी भोकं तर १९३९ च्या अखेरीसच पाडून ठेवलेली होती. १७ जानेवारी १९४५ ला सोव्हिएत सैन्य आत आलं, तेव्हा जुन्या शहराचा पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक भाग राडारोडा झाला होता.

माझं मत फिरलं ते इथे. काळाने झिजवलेली, वीज पडून कोसळलेली, लढाईत जळालेली वास्तू आणि इथे असं शहर कधी नव्हतंच असं वाटावं म्हणून पुसलेलं शहर, या दोन्हींना मी एकच नियम लावत होतो. तो ढिगारा तसाच जपला असता, तर हुकूम देणाऱ्याला हवं होतं ते झालं असतं.

पुसणाऱ्यांच्या आधी काही माणसांनी नोंद करून ठेवली होती, हे या गोष्टीतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. वॉर्साच्या तंत्रविद्यापीठातले वास्तुशास्त्राचे विद्यार्थी युद्धाआधीपासून जुन्या घरांची मोजमापं घेत होते. दारं-खिडक्या, जिने, छताचे कंगोरे, सगळं कागदावर. उठाव मोडल्यावर ते आराखडे शहराबाहेर काढले आणि प्योत्र्कूफच्या एका मठात लपवून ठेवले. फेब्रुवारी १९४५ मध्ये, युद्ध अजून चालू असताना, राजधानीच्या पुनर्बांधणीचं कार्यालय उघडलं आणि ते कागद पुन्हा टेबलावर आले. या कार्यालयाचं दफ्तर २०११ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेलं.

जुन्या वास्तूंच्या कामाची धुरा होती यान झाखवातोविच या प्राध्यापकांवर. वाचता वाचता एका ठिकाणी मी थबकलो. आपण करतो आहोत ते संवर्धनाच्या शास्त्राप्रमाणे खोटं आहे, हे या माणसाने स्वतः कबूल केलं होतं. माझा आक्षेप त्यांना १९४६ सालीच ठाऊक होता आणि तो त्यांच्या मनाला लागलेलाही होता. तरीही, आठवणीत आणि कागदांत जे उरलंय ते निदान रूपाने तरी पुढच्या पिढ्यांच्या हाती द्यायचं, असं त्यांनी ठरवलं. मी जे तत्त्व दुरून, आरामात बसून मांडत होतो, ते आयुष्यभर जपलेल्या माणसाने राखेत उभं राहून बाजूला ठेवलं. त्यांच्यापुढे माझा युक्तिवाद मला तोकडा वाटला.

राजवाड्यात एक दालन बेर्नार्दो बेलोत्तोच्या चित्रांचं आहे. हा व्हेनिसच्या प्रसिद्ध कानालेत्तोचा भाचा; पोलंडमध्ये त्यालाही कानालेत्तोच म्हणतात. स्तानिस्वाव आउगुस्त राजाच्या दरबारी राहून, १७८० साली मरेपर्यंत, त्याने वॉर्साचे रस्ते रंगवले. इतके बारकाईने, की पुनर्बांधणीत ही चित्रं संदर्भाला घेतली गेली. एका चित्रात क्राकोफ्स्क्ये प्शेद्म्येश्चे हा राजरस्ता आहे. घोडागाड्या, कुत्री, भिंतींवर तिरकं ऊन. खाली उतरलो तर तोच रस्ता, तीच वळणं समोर. बेलोत्तो कधीकधी एखादी इमारत आपल्या मनाप्रमाणे देखणी करायचा आणि म्हणून काही घरं युद्धाआधी जशी होती त्याहून त्याच्या चित्राशी जास्त जुळतात. पूर्वी मी हा मुद्दा हातात धरून भांडलो असतो. आज मला त्यात दिसतात ती घर हरवलेली माणसं, जी दोनशे वर्षांपूर्वीच्या चित्रापुढे उभी राहून आपल्याच गल्लीची खूण पटवत होती.

सेंट जॉनच्या कॅथेड्रलच्या बाहेरच्या भिंतीत एका जर्मन सुरुंगगाडीचा लोखंडी पट्टा बसवलेला आहे. आत न जाणाऱ्याने तो तरी पाहावाच. चौकातल्या घरांवरचं नक्षीकाम पन्नासच्या दशकातल्या कलावंतांनी त्यांच्या काळाच्या हाताने केलेलं आहे, जुन्याची हुबेहूब नक्कल नाही. आतली दाट चाळवजा बांधकामं गाळून तिथे उजेड आणि हवा आणली, वरच्या मजल्यांवर साधी माणसं राहायला आली. युनेस्कोने १९८० साली या भागाला जागतिक वारशाचा मान दिला, तो मध्ययुगीन म्हणून नाही, तर पुनर्बांधणीचं अजोड उदाहरण म्हणून.

पण सगळंच मला पटलं असं नाही. बार्बाकान हा बुरुज उभारायला व्रोत्सवाफ आणि निसा इथल्या पाडलेल्या जुन्या इमारतींच्या विटा आणल्या. ती गावं युद्धापर्यंत जर्मनीत होती. एका शहराचा इतिहास उभा करताना दुसऱ्याचा मोडला गेला, हे मला आजही सलतं.

आणि मुरानूव, पूर्वीची ज्यू वस्ती. युद्धाआधी वॉर्सातली जवळजवळ एक तृतीयांश माणसं ज्यू होती. १९४३ च्या घेट्टोतल्या उठावानंतर त्यांची वस्ती जमीनदोस्त केली गेली, १६ मेला मोठं सिनेगॉग उडवलं. तिथलं काहीच पूर्वीसारखं बांधलं गेलं नाही. बोहदान लाखेर्त या वास्तुकाराने तिथल्याच राडारोड्याचे ठोकळे पाडून त्याच ढिगाऱ्यांवर नव्या इमारती बांधल्या. म्हणून काही घरांना आजही रस्त्यावरून पायऱ्या चढून जावं लागतं. पायऱ्यांखाली काय आहे हे माहीत असलं की पाय जड होतात. पुनर्बांधणी कुणाच्या आठवणीची झाली आणि कुणाच्या नाही, हा प्रश्न बाजारचौकात सुचत नाही. मुरानूवमध्ये तो टाळताच येत नाही. जुनं शहर पाहणाऱ्याने इथे आलंच पाहिजे, असं माझं ठाम मत झालंय.

कोल्हापूरकरांना आणखी एक ठिकाण सांगतो. वॉर्सातल्या मोन्ते कासिनो स्मारकाजवळ कोल्हापूरजवळच्या वळीवडे छावणीचं स्मारक आहे. सोव्हिएतांनी सायबेरियात धाडलेली सुमारे पाच हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, इराणमार्गे येऊन १९४३ ते १९४८ या काळात वळीवड्याला राहिली. त्यांच्यातल्या अनेकांची मूळ गावं सरहद्द सरकल्याने पोलंडमध्ये राहिलीच नाहीत. त्यांना परत उभं करायला गावच उरलं नव्हतं.

रायगडाबद्दल माझं मत तेच आहे, आणि आता त्याचं कारण मला नेमकं सांगता येतं. वॉर्साकडे खिडकीच्या चौकटीपर्यंतची मोजमापं होती, छायाचित्रं होती, त्याच जिन्यांवरून चढलेली माणसं हयात होती. रायगडावरच्या वाड्यांची अशी एकही मोजणी आपल्याकडे नाही. तिथे काही बांधलं तर ते आपल्या कल्पनेतलंच बांधलं जाईल. तिथे जोतीच जपावीत.

भाचीचा आणि माझा वाद अडकलाय तो सॅक्सन राजवाड्यावर. डिसेंबर १९४४ मध्ये तो उडवला, तेव्हा ओवरीच्या तीन कमानी उभ्या राहिल्या. त्यांच्याखाली १९२५ पासून अज्ञात सैनिकाची समाधी आहे आणि तिथे आजही पहारा असतो. राजवाडा पुन्हा बांधायचा कायदा २०२१ मध्ये झाला. भाची म्हणते, शाही राजवाडा १९७१ नंतर बांधला तो चालतो, मग हा का नको? माझं म्हणणं असं, की त्या तीन कमानींनी ऐंशी वर्षांत स्वतःची ओळख मिळवली आहे आणि राजवाड्यात सामावल्या की ती जाईल. ती म्हणते, मामा, तुझं जुनं मत अजून थोडं शिल्लक आहे. असेलही. बांधून झाल्यावर मी पुन्हा जाईन आणि पाहून सांगेन.