वजन उतरवताना वीगन ताट : प्रथिनांचा आणि पैशांचा हिशोब

मांस-मासळी आणि अंडी यांच्याबरोबर दूध, दही, ताक, तूप आणि मधही वर्ज्य करणाऱ्या आहाराला वीगन आहार म्हणतात. महाराष्ट्रातल्या शाकाहारी घरांत प्रथिनांची भिस्त वरण-आमटीइतकीच दूध-दह्यावरही असते. दूध गेले की तो भार डाळी, कडधान्ये, सोयाबीन, शेंगदाणे आणि तेलबिया यांच्यावर येतो. त्यातच वजन उतरवायचे असेल तर कमी खाऊन प्रथिने मात्र जास्त मिळवायची असतात आणि महिन्याचा किराणा ठरलेल्या पैशांत बसवायचा असतो. या तिन्ही अटी एकत्र पाळता येतात. प्रस्तुत लेखिकेने दूध सोडल्यावर वजन उतरवले ते याच अटींवर. मात्र त्याआधी वजन घटवून देणाऱ्या एका केंद्रात तिला जो आहार लावून दिला गेला, त्याचा राग अजून गेलेला नाही. पुढचा हिशोब त्या रागातूनच मांडला गेला आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलो वजनाच्या व्यक्तीला हे सुमारे ५० ग्रॅम होते. वजन कमी करताना ही गरज वाढते. आहारातून मिळणारी ऊर्जा अपुरी पडली की शरीर साठवलेल्या चरबीबरोबर स्नायूंमधली प्रथिनेही मोडून वापरते. म्हणून अशा काळात किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे आहारशास्त्रात सर्वसाधारणपणे मानले जाते. हा हिशोब सध्याच्या वाढलेल्या वजनावर न करता गाठायच्या वजनावर केला तरी चालतो. ६० किलोचे लक्ष्य असेल तर रोज किमान ७२ ग्रॅम. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेले राहते, हा आणखी एक फायदा. त्यांच्या जोडीला वजन उचलण्याचा, निदान उठाबशांसारखा, व्यायाम हवा. नाहीतर स्नायू टिकत नाहीत.

लेखिकेला केंद्रात मिळालेला कागद या साध्या नियमांच्या विरुद्ध होता. सकाळी केंद्रातूनच विकत घ्यायच्या डब्यातली पूड पाण्यात ढवळून प्यायची. दुपारी एक फुलका, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि डाळीचे वरचे पाणी. संध्याकाळी पुन्हा पूड. रात्री भाज्यांचे पातळ सूप. उसळीवर काट मारून शेजारी ‘कार्ब्स’ असे लिहिले होते, शेंगदाण्यांवर काट मारून ‘फॅट’. भाकरी तर कागदावर नव्हतीच. डाळीचे घट्ट वरण का नको, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, “डाळीत कुठे एवढं प्रोटीन असतं? डबा घेतलात तरच रिझल्ट येईल.” त्या डब्याची किंमत घरातल्या सगळ्यांच्या महिन्याच्या धान्य-डाळींच्या खर्चाहून जास्त होती. दुसरा डबा परवडेना म्हणून तो थांबवला, तेव्हा केंद्राने पर्याय म्हणून काहीच सुचवले नाही. उरलेला कागद तसाच चालू ठेवायला सांगितले. डब्याशिवाय त्या कागदावर दिवसभरात २५ ग्रॅमसुद्धा प्रथिने होत नव्हती.

वजन झपाट्याने उतरले. दर आठवड्याला काट्यावर उभे करून केंद्रातल्या बाई अभिनंदन करत. काटा मात्र चरबी किती गेली आणि स्नायू किती गेले हे सांगत नाही. जिना चढताना मांड्या थरथरू लागल्या, पाण्याची घागर उचलवेना आणि दोन-तीन महिन्यांनी विंचरताना केसांचे पुंजके हातात येऊ लागले. उपासमार आणि अपुरी प्रथिने यांचा केसांवरचा परिणाम असाच काही आठवड्यांनी दिसतो. तक्रार केल्यावर केंद्राने केसांसाठी आणखी एक डबा पुढे केला. ज्या आहाराने दुखणे आणले, त्याच आहाराच्या विक्रेत्याने त्या दुखण्यावरही माल विकावा, हा अन्याय आहे. पैसे भरणाऱ्या बाईच्या ताटातली स्वस्त प्रथिने काढून घ्यायची, मग तीच महाग करून तिच्या गळ्यात मारायची, असा हा व्यवहार होता. वजनाची लाज वाटत असलेली माणसे प्रश्न विचारत नाहीत, याचा तो पुरेपूर फायदा घेतो.

डाळीत प्रथिने कमी असतात, हे विधानच खोटे आहे. पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे २२, मूगडाळ आणि मसूरडाळीत २४, हरभराडाळ आणि कुळथात २२, मटकी आणि राजम्यात २० ग्रॅम प्रथिने असतात. शेंगदाण्यात २४, सोयाबीनमध्ये ३५ च्या वर. सोयाबीनचे तेल काढल्यावर उरलेल्या पिठापासून केलेल्या सोयावडीत ५२ ग्रॅमपर्यंत. किरकोळ बाजारात सोयावडी किलोला सुमारे १५० रुपये धरली, तर एक ग्रॅम प्रथिनाला ३० पैशांच्या आत पडते. मूगडाळ १२० रुपये धरली तर ५० पैसे. तूरडाळ आणि शेंगदाणे १५० रुपये धरले तर ६० ते ७० पैसे. वनस्पतिजन्य प्रथिनांच्या पुडीला तेवढ्याच प्रथिनांसाठी दोन ते चार रुपये मोजावे लागतात, बदामाला चार रुपयांच्या आसपास. बाजारात मिळणाऱ्या बदामाच्या दुधाच्या पेल्यात तर बहुधा दोन ग्रॅमही प्रथिने नसतात. सोयादुधात मात्र साध्या दुधाच्या जवळपास असतात, आणि ते घरी करता येते.

या दरांमागे आणखी एक गोष्ट आहे. लेखिकेचे माहेर लातूर जिल्ह्यातले, सोयाबीन पिकवणारे. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, म्हणजे किलोला ४९ रुपयेही नाही. अनेक शेतकऱ्यांना तेवढाही मिळाला नाही. या भावाने शेतकऱ्याच्या हाती एक ग्रॅम प्रथिनाचे १४ पैसेच पडतात. मराठवाड्यातली कितीतरी घरे हे धान्य पिकवतात आणि खातात मात्र फार थोडे. सोयाबीन कच्चे खाऊ नये. त्यात प्रथिनांचे पचन अडवणारे घटक असतात आणि ते उष्णतेने निकामी होतात. रात्रभर भिजवून, पाणी बदलून, चांगले उकडून, वाळवून आणि मग भाजून घेतलेले सोयाबीन गव्हात मिसळून गिरणीतून दळून आणता येते. नऊ किलो गव्हाला एक किलो सोयाबीन घेतले तर पोळीच्या चवीत फारसा फरक पडत नाही आणि पिठातली प्रथिने जवळपास एक चतुर्थांशाने वाढतात.

डाळ स्वस्त आणि कसदार असूनही घरोघर प्रथिने कमी पडतात, याचे कारण वाटीत किती डाळ आहे हे कोणी पाहत नाही. चार माणसांच्या आमटीला १०० ग्रॅम तूरडाळ घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेपाच ग्रॅम प्रथिने येतात, मग आमटीत पाणी कितीही घाला. खानावळीतल्या पातळ वरणात याहूनही कमी. डाळ शिजवण्याआधी कोरडी असतानाच काट्यावर ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. माणशी ३० ग्रॅम डाळ घेतली की आमटी आपोआप घट्ट होते. मोड आणल्याने प्रथिने वाढतात हाही समज चुकीचा आहे. मोडांमुळे क जीवनसत्त्व वाढते आणि पचन सुधारते. मोड आलेल्या मटकीत पाणी भरल्यामुळे तेवढ्याच वजनात प्रथिने उलट कमी असतात.

वजन उतरवताना एका ग्रॅम प्रथिनासोबत किती कॅलरी पोटात जातात, हेही पाहावे लागते. सोयावडीत सुमारे ७, डाळींमध्ये १४-१५, शेंगदाण्यात २२, ज्वारीत ३३ आणि तांदळात ४५. म्हणून शेंगदाणे चटणीपुरते, भात कमी, डाळ-उसळ आणि सोयावडी भरपूर, असा क्रम लागतो. धान्य मात्र पूर्ण सोडू नये. धान्यांच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळींच्या प्रथिनांत मेथिओनिन. एकाची उणीव दुसरे भरून काढते. दोन्ही एकाच घासात यावीत असेही नाही, दिवसभरात आली तरी पुरते. झुणका-भाकर हे या जोडीचे नेमके उदाहरण. १९९५ मध्ये राज्य सरकारने गरिबांसाठी एक रुपयात हेच जेवण देणारी केंद्रे काढली होती. त्यात प्राणिजन्य काही नाही आणि प्रथिने दोन्ही बाजूंनी पूर्ण आहेत.

लेखिकेचे सध्याचे दिवसभराचे जेवण पुढीलप्रमाणे असते. सकाळी ६० ग्रॅम मूगडाळीची धिरडी आणि दाण्याची चटणी : १८ ग्रॅम प्रथिने. दुपारी एक ज्वारीची भाकरी, ५० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ आणि पालेभाजी : १८ ग्रॅम. चारच्या सुमारास मूठभर फुटाणे : साडेसहा ग्रॅम. रात्री ४० ग्रॅम सोयावडीचा रस्सा, दोन लहान फुलके आणि घट्ट आमटी : ३२ ग्रॅम. एकूण ७५ ग्रॅमच्या आसपास. तीन चमचे तेल आणि भाज्या धरून सुमारे १,४०० कॅलरी. भाजी, तेल आणि गॅस सोडून या सामानाला दिवसाला साधारण ३५ ते ४० रुपये पडतात. सोयावडी उकळत्या पाण्यात भिजवून, दोनदा घट्ट पिळून, आले-लसूण आणि गोड्या मसाल्यात परतली की तिचा उग्र वास जातो.

काही पथ्ये आवश्यक आहेत. कडधान्ये एकदम वाढवली तर पोट फुगते. ती हळूहळू वाढवावीत, भिजवलेले पाणी टाकून द्यावे, फोडणीत हिंग-ओवा घालावा. वीगन आहारात ब-१२ जीवनसत्त्व भरवशाने मिळत नाही, त्यामुळे त्याची गोळी घ्यावीच लागते. ती टाळू नये. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ रोजच्या जेवणात हवेत. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोया यांत काही तासांचे अंतर ठेवावे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.

केंद्राच्या अनुभवानंतर प्रथिनांची पूड कोणालाही लागत नाही, असे लेखिकेचे ठाम मत झाले होते. मे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) आहार मार्गदर्शक सूचनांतही अशा पुड्या टाळण्याचा सल्ला असल्याने ते मत आणखी पक्के झाले. पुढे आजारपणातून उठलेल्या सासूबाईंना उसळ चावेना, आमटीही दोन घोटांपलीकडे जाईना. डॉक्टरांनी वाटाण्याच्या प्रथिनांची पूड पेजेत घालून द्यायला सांगितली आणि तिने त्यांच्या अंगात ताकद आली. ज्याला चावता येते, पचते, त्याच्या ताटातली डाळ काढून तिथे पूड ठेवणे मात्र आजही फसवणूकच वाटते.

वजन उतरवण्यासाठी कोणी आहाराचा कागद हाती दिला, तर पैसे भरण्याआधी त्यातल्या प्रत्येक जिनसापुढे प्रथिनांचे ग्रॅम लिहून बेरीज करावी. ती बेरीज डब्याशिवाय ५० च्या खाली येत असेल, तर तो कागद परत करावा आणि त्याच पैशांत वाण्याकडून महिन्याची डाळ, मटकी आणि सोयावडी भरून आणावी.