चर्चगेटच्या पुढचं स्टेशन

चर्चगेटच्या पुढे गाडी जायची. थेट कुलाब्याला! हे कुणी नुसतं सांगितलं असतं तर मी 'असेल' म्हणून सोडून दिलं असतं. पण मी ते डोळ्यांनी पाहिलं, छापलेलं, लाल रेघेवर, माझ्या बोटाखाली. आणि त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नाहीये.

दिवाळीआधी दादरला आत्याकडे माळा आवरायला गेले होते. पितळेची भांडी उतरवली, मग पत्र्याची ट्रंक, तिच्या तळाशी आजोबांची पुस्तकं. त्यातल्या एका गाइडबुकाला ना पुठ्ठा ना पहिलं पान, पण शेवटी घडी घातलेला एक जाड कागद चिकटवलेला. आत्या म्हणाली, "अगं, ती रद्दी आहे, टाक त्या गठ्ठ्यात." मी घडी उलगडली. परत उलगडली. परत. घड्यांच्या जागी कागद इतका झिरझिरीत की आरपार उजेड दिसत होता. आणि समोर मुंबई, फक्त रेल्वेची मुंबई! बी.बी.सी.आय. कंपनीची (म्हणजे आताच्या पश्चिम रेल्वेची) रेघ लाल, जी.आय.पी.ची (आताच्या मध्य रेल्वेची) काळी, खाडीचं वळण जसंच्या तसं, आणि परळभोवती कुणीतरी पेन्सिलीने काढलेलं गोल. आजोबांनीच काढलं असणार, दुसरं कोण काढेल?

साल मात्र कुठेच नाही. मी कागद उलटा केला, कडा तपासल्या, नाहीच. मग लक्षात आलं, साल तर स्टेशनंच सांगताहेत!

बघा ना. कंपन्यांची जुनी नावं आहेत, म्हणजे १९५१च्या आधीचा, कारण त्या वर्षी मध्य आणि पश्चिम रेल्वे झाल्या. मुंबई सेंट्रल नाही. ते उघडलं १८ डिसेंबर १९३० रोजी, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस कुलाबा बंद झालं. म्हणजे १९३० संपायच्या आतला! आता खालची टीप: जाड रेघ म्हणजे विजेवरची गाडी. विजेची पहिली गाडी व्ही.टी.हून कुर्ल्याला गेली ती ३ फेब्रुवारी १९२५ला, पण पश्चिमेकडे कुलाबा ते बोरिवली वीज आली जानेवारी १९२८मध्ये. माझ्या नकाशात लाल रेघ बोरिवलीपर्यंत जाड आहे. १९२८ ते १९३०! तीन वर्षांच्या चिमटीत पकडला मी त्याला, आत्याच्या स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून, हाताला धूळ, आणि आत्या वरून विचारतेय, "काय गं, एवढं काय सापडलं?"

पण खरं सापडायचं होतं ते पुढेच. कुर्ल्याजवळून एक बारीक काळी रेघ पश्चिमेकडे निघालेली, थेट अंधेरीपर्यंत. दुसरं टोक ट्रॉम्बेला. ट्रॉम्बे ते अंधेरी रेल्वे! ही साल्सेट-ट्रॉम्बे रेल्वे. १९२८मध्ये सुरू झाली आणि १९३४मध्ये बंद पडली. तिचं दुसरं नाव सेंट्रल साल्सेट ट्रॅमवे. साल्सेट म्हणजे आपली साष्टी. आता या नावाची आद्याक्षरं जोडा. सीएसटी! कुर्ल्याहून कलिन्याला जाणारा सीएसटी रोड! मी चेंबूरची, त्या रस्त्यावरून बेस्टच्या बसने किती वेळा गेले असेन, आणि कायम वाटायचं की व्ही.टी.च्या नंतरच्या नावावरून, छत्रपती शिवाजी टर्मिनसवरून, नाव पडलं असेल. टर्मिनसचा काही संबंध नाही! रूळ गेले, गाड्या गेल्या, त्या रेल्वेची आठवण रस्त्याच्या पाटीवर तीन अक्षरांत उरली. अंगावर काटा आला माझ्या, खरंच.

तेव्हापासून रद्दीची दुकानं, माटुंग्याच्या फुटपाथवरची पुस्तकं, चोर बाजार, जिथे कागद तिथे मी. तुम्हालाही शोधायचं असेल तर खिशातल्या जुन्या डायऱ्यांची मागची पानं बघा, लोकलची वेळापत्रकं बघा, शाळेचे अॅटलास बघा. हार्बर लाइन मानखुर्दला संपत असेल तर १९९२च्या आधीचा नकाशा, कारण त्या वर्षी गाडी खाडी ओलांडून वाशीला गेली. एल्फिन्स्टन रोड २०१८मध्ये प्रभादेवी झालं, त्यामुळे जुनं नाव असलेला परवापरवाचा एक नकाशाही माझ्या कपाटात आहे, आणि मी तो तितकाच जपते. एक कळवळून सांगते: फाटलेल्या नकाशाला सेलोटेप लावू नका! एका विक्रेत्याकडून घेतलेल्या सुंदर नकाशावर टेप होती, पिवळी पडलेली, आणि ती काढताना ठाण्याचा अख्खा कोपरा निघून आला. दोन दिवस जेवण गेलं नाही मला.

रेल्वेचे सगळेच नकाशे असे वाकडे नसतात. लंडनच्या भुयारी रेल्वेत विजेचे आराखडे काढणाऱ्या हॅरी बेकने रेघा सरळ केल्या, अंतरं सारखी केली, आणि १९३३पासून जगभरचे रेल्वे नकाशे बदलले. तो नकाशा अप्रतिम आहे, त्यात वाद नाही. पण मला आमचा वाकडा आवडतो. त्यात खाडी खाडीसारखी वळते, माहीम ते वांद्रे जाताना पाण्यावरून जावं लागतं हे दिसतं, आणि कुलाब्याच्या शेवटच्या ठिपक्यापलीकडे फक्त निळं असतं. त्या ठिपक्याच्या जागेवर आता बधवार पार्क ही रेल्वेची वसाहत आहे. मी जाऊन आले. फाटकाबाहेर नकाशाची झेरॉक्स उघडून उभी राहिले, चर्चगेटकडे तोंड केलं, आणि गाडी कुठून येत असेल ते बोटाने हवेत काढून पाहिलं.

हे लिहीत असतानाच आत्याचा फोन आला. "अगं, खालच्या मजल्यावरच्या काकांनी कपाट रिकामं केलंय, रेल्वेची जुनी वेळापत्रकं आहेत त्यात. रद्दीवाल्याला चहा देऊन बसवून ठेवलाय मी. ये लवकर!" निघालेच. चेंबूरहून कुर्ला, कुर्ल्याला गाडी बदलून दादर.