घटका, तास आणि साक्ष

वेळेविषयी बोलताना मराठी माणूस आजही एका विस्मृत यंत्राचा उल्लेख करीत असतो. ते यंत्र म्हणजे घटिकापात्र. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्याच्या घंगाळात सोडायची. छिद्रातून पाणी आत शिरते, वाटी भरून बुडते आणि एक घटका पुरी होते. अहोरात्रात ही वाटी साठ वेळा बुडावी, असे लक्षण ‘सूर्यसिद्धान्ता’त दिले आहे. म्हणजे घटका २४ मिनिटांची, तिचा साठावा भाग असलेले पळ २४ सेकंदांचे आणि अडीच घटकांचा एक तास.

वाटी बुडाली की धातूच्या थाळीवर टोल पडे, ‘किती वाजले?’ या प्रश्नात तो नाद अजून आहे. ‘तास’ हा शब्द फारसीतून आला. तिथे त्याचा अर्थ वाटी. मराठीत तो टोलाच्या थाळीला लागला आणि पुढे कालमानाचे नाव झाला. आयुष्य सरलेल्या माणसाची ‘घटका भरली’ असे म्हणताना तर ती बुडणारी वाटीच डोळ्यांपुढे येते. हे धन एकट्या मराठीचे नाही. आपले घड्याळ आणि कन्नडचे ‘गडियार’, आपली घटका आणि कन्नडची ‘गळिगे’ ही एकाच कुळातली. कन्नडमधील तास मात्र ‘गंटे’, म्हणजे घंटा.

या शब्दांचे मोल मला न्यायालयात कळले. सीमाभागातील एका फौजदारी खटल्यात वृद्ध शेतकरी साक्ष देत होता : ‘सातची बस गेल्यावर घटकाभरानं हा माझ्या खळ्यावर आला.’ जबानीत कन्नडमध्ये उतरले ‘ओंदु गंटे’, एक तास. मारामारी त्या बसच्याच वेळी झालेली. तिथून खळे पाच किलोमीटर. तासाभरात ते अंतर चालून येणे शक्य होते, घटकाभरात नव्हे. माझ्या अशिलाचा सारा बचाव त्या एका शब्दावर उभा होता. मी तत्काळ हरकत घेऊन ‘गळिगे’ हा शब्द सुचवला. न्यायाधीश कन्नडभाषक होते. त्यांना तो समजावून सांगावा लागला नाही. नोंद दुरुस्त झाली.

साक्षीदाराचे विधान त्याच्याच भाषेत नोंदले जावे, हा आपला आग्रह केवळ अस्मितेचा नाही. त्यावर माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून असते. वाचकांना विनंती एवढीच की, घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडचे घटका, पळ, प्रहर हे शब्द ते वापरतात त्या वाक्यांसह लिहून ठेवावेत. उद्या ते कुणाच्या तरी जबानीत येतील, तेव्हा त्यांचा अर्थ सांगणारा कुणीतरी असायला हवा.