रडीचा डाव

विटीदांडूत हरत आलेला गडी घरी पळाला, की सगळे ‘रडीचा डाव’ म्हणून त्याला चिडवत. संगणकावरच्या खेळात मात्र पळालेला कोण आणि तुटलेला कोण, हे समोरच्याला नेमके कळत नाही. माझा धाकटा भाऊ टिळकवाडीतल्या घरी बसून बुद्धिबळ खेळे आणि ऐन रंगात आलेल्या डावातून अदृश्य होई. घड्याळ थांबत नसे. वेळ संपून तो हरे. धारवाडचा त्याचा मित्र हळूहळू त्याला खेळायला बोलावीनासा झाला.

घरात प्रत्येकाचा आरोपी वेगळा. बाबा इंटरनेटवाल्याला बोल लावत, भाऊ संगणकाला. मी म्हटले, आधी वाटेचे दोन तुकडे करून पाहू. ‘पिंग’ ही आज्ञा दोन खिडक्यांत चालू ठेवली. एक घरातल्या राउटरला, दुसरी ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला. फक्त बाहेरचे उत्तर थांबते, तर दोष राउटरचा किंवा पुढच्या लाइनचा. पण थांबली दोन्ही, आणि तीही स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह चालू असताना! ती भट्टी आणि आमचे वायफाय, दोहोंच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या. मग राउटरपासून संगणकापर्यंत लॅन केबल ओढली. आई दूध तापवत राहिली, डाव चालू राहिला.

परंतु यंत्राचा दोष माणसाच्या माथी बसला असेल, तर तार जोडून भागत नाही. भावाने मित्राला सगळे सविस्तर कळवले. उलट उत्तर आले, “बा, आडोण!”