मायच्या तोंडची गाणी

आमची माय निरक्षर होती. बिलोलीच्या शिवारात खुरपणी, कापूस वेचणी आणि हंगाम सरला की तेलंगणात बोधनकडे मजुरी, यातच तिचा जन्म गेला. पण वामनदादा कर्डकांची कितीतरी गाणी तिला तोंडपाठ होती. गाणे कुणाचे, हे तिला सांगावे लागत नसे. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव आले की ती म्हणायची, ‘हे आपल्या दादाचं.’

आम्ही बी. कॉम. झालो, कारकून झालो. कचेरीत आजही कुणाचा ना कुणाचा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवून कागदावर उठवावा लागतो. त्या वेळी हटकून वामनदादा आठवतात.

दादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावचा. शाळा नशिबी आली नाही. पोटासाठी मुंबईला आले, मिळेल ते काम केले, शिवडीच्या चाळीत राहिले. एके दिवशी कुणीतरी पत्र वाचून द्या म्हणून त्यांच्याकडे आला. दादांना ते वाचता येईना. ती लाज त्यांच्या जिव्हारी लागली. विशीतल्या त्या तरुणाने एका मास्तरांकडे अक्षरे गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत सराव केला. आणि १९४३ साली, हिंदी सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर, त्यांनी आपले पहिले गाणे रचले. त्याच काळात त्यांनी बाबासाहेबांना पाहिले, ऐकले आणि पुढचा सारा जन्म त्यांचा विचार गावोगाव पोचवण्यात घालवला. गाणे लिहायचे, चालीत बसवायचे आणि स्वतःच उभे राहून गायचे. १५ मे २००४ रोजी दादा गेले, तोवर हे चालूच होते.

दादांची ताकद त्यांच्या साधेपणात होती. चाल अशी, की एकदा ऐकली की तोंडात बसावी. सिनेमाची चाल, लोकगीताचा ठेका, कव्वालीचा बाज, कशाचेच त्यांना वावडे नव्हते. साथीला ढोलकी, पेटी असली की झाले. शब्द आपल्याच घरातले. म्हणून ज्यांना पुस्तक वाचता येत नव्हते, त्या आयाबायांना समता म्हणजे काय, शिक्षण कशासाठी, हे गाण्यातून कळले. आमच्या मायने आम्हांला शाळेत घातले ते कुणाचे भाषण ऐकून नव्हे, खुरपताना गाणी म्हणता म्हणता.

‘वाटचाल’ हा त्यांचा गीतसंग्रह १९७३ साली निघाला. पुढे आणखी संग्रह आले, १९९६ मध्ये ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथनही आले. पण दादांनी गाणी रचली हजारोंनी. कुणाला चिठ्ठीवर लिहून दिली, कुणी ऐकून उचलली. पुष्कळ गाणी अशीच लोकांच्या तोंडी राहिली.

आमची खंत इथेच आहे. माय थकली तेव्हा एकदा म्हणाली, ‘लिहून घे ना बाबा. माझ्या डोक्यातून गेलं तर कुठं हुडकशील?’ आम्ही म्हटले, ‘बसू एखाद्या रविवारी.’ रविवार आले आणि गेले. कधी सभा, कधी वर्गणी, कधी मोर्चा. समाजाचे काम करत होतो, पण घरातले राहून गेले. एके पहाटे माय गेली. तिची गाणी तिच्याबरोबर गेली. ज्या माणसाने लिहिता यावे म्हणून विशीत अक्षरे गिरवली, त्याची गाणी आम्ही पदवीधर असून लिहून घेतली नाहीत!

२०२२ साली दादांची जन्मशताब्दी आली, तेव्हा आम्ही शंभर पानी वही विकत आणली. आता रविवारी वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांकडे जातो. आमची मुलगी मोबाईलवर आवाज भरून घेते, आम्ही लिहितो. कुणाला चार ओळी आठवतात, कुणाला नुसती चाल. मग दुसरी आजी मधली ओळ जोडते. कोणाकडून, कोणत्या तारखेला ऐकले तेही खाली लिहितो आणि छापील संग्रहाशी ताडून पाहतो.

वही अजून अर्धीही भरलेली नाही. पण वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरात आजी असेल, तर येत्या रविवारी वही घेऊन तिच्यापाशी बसा. आमच्यासारखे ‘पुढच्या रविवारी’ म्हणू नका.